समेट-भेट

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी शैलजाबाई मुजुमदार कॅरममध्ये पुढे होत्या आणि त्यांची मुलगी ऋता त्यांच्यावर लबाडीचा आरोप करत होती.

“आई, कोपर आत आलं.”

“वय झालं की कोपर आत येतंच,” शैलजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी राणी घेतली. पाठोपाठ कव्हरही घेतलं.

नागपूरला धरमपेठेतल्या त्या फ्लॅटमध्ये दोघीच राहत. शैलजाबाईंनी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला होता; ऋता विधी महाविद्यालयात ग्रंथपाल होती. दोघीही फारशा बोलक्या नव्हत्या. बोर्डावर पावडर टाकता टाकता जेवढं बोलणं होई, तेवढं दोघींना पुरत असे. महिन्यापूर्वी शैलजाबाईंच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला लहानसा फुगा आल्याचं कळलं होतं. तो फुटण्याआधी चिमटा लावून बंद करायचा होता. ऑपरेशन शाखागारात होणार होतं, म्हणून शेजारच्या बाई सकाळीच येऊन दोघींचं अभिनंदन करून गेल्या होत्या. शाखागारात नंबर लागणं ही तेव्हा नशिबाची गोष्ट मानली जाई.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची एक जुनी पद्धत आहे. चालू प्रोग्रॅमच्या मूळ प्रतीला, म्हणजे ‘मुख्य’ला, कोणी थेट हात लावत नाही. तिच्यापासून एक शाखा काढायची, हवे ते प्रयोग त्या शाखेवर करायचे, जमलं तर त्यातलं कामाचं तेवढं मुख्यमध्ये आणायचं, बिघडलं तर शाखा मिटवून टाकायची. चार-चार शाखांवर काम करणारा माणूस एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळतो: आपण आत्ता कुठे आहोत. शाखा समजून मुख्यवरच हात चालवला, तर निस्तरताना नाकी नऊ येतात. तरी प्रोग्रॅमची जुनी प्रत निदान परत काढता येते.

हेच एका खोलीच्या बाबतीत करता येईल, हे भौतिकशास्त्रज्ञांना बरंच नंतर सापडलं. सूक्ष्म कणाला बाहेरून कोणी छेडलं नाही, तर तो एकाच वेळी अनेक वाटांनी जातो. शाखागार ही अशी खोली होती की दार मिटल्यावर तिच्यातून उजेड, उष्णता, आवाज, काहीही बाहेर पडत नसे. जग तिला छेडत नसे. मग ती खोली, आतल्या माणसांसकट, एकाहून अधिक वाटांनी जाई. आधी शाखा चालत. तोवर मुख्य थोपवून धरलेली असे आणि आतल्यांना ते थांबणं जाणवतही नसे. प्रत्येक शाखेतून एकच निरोप बाहेर काढता येई, तोही एका श्वासात बोलून होईल एवढा. निरोप निघाला की शाखा मिटे. सगळ्या शाखा आटोपल्या की मुख्य सुरू होई आणि पहिल्याच क्षणी तिथल्या स्पीकरवर आधीचे निरोप ऐकू येत. ‘डावीकडून जाऊ नका, तिथे धमनी चिकटलेली आहे.’ सर्जन उजवीकडून जाई. रुग्ण घरी जाई.

संध्याकाळी दाखल व्हायला गेल्यावर डॉक्टर पराग चिटणवीस यांनी हे सगळं शैलजाबाईंना समजावून सांगितलं. त्यांचा हात हलका आणि बोलणं गोड होतं. शाखागारात सर्वांत जास्त ऑपरेशनं केलेला सर्जन म्हणून त्यांचं नाव होतं. एकच शाखा पुरेल, ते म्हणाले. आधी शाखेत करून बघू, मग मुख्यमध्ये.

“आणि त्या शाखेतल्या माझं काय होतं?” शैलजाबाईंनी विचारलं.

“काही होत नाही, काकू. ती नसतेच.”

“नसते तर मग निरोप कोण पाठवतं?”

डॉक्टर मोकळेपणाने हसले. भूगोलाच्या बाईंना उत्तर देणं अवघड असतं, असं काहीतरी म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. शैलजाबाईंनी ऋताकडे पाहून भुवया उंचावल्या. वर्गात एखाद्या हुशार मुलाने उत्तर टाळलं की त्या अशाच पाहत असाव्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

काय घडलं ते चौकशीत तपशिलाने बाहेर आलं. शाखागारात एक शिस्त होती. पहिला छेद घेण्याआधी सर्जनने मोठ्याने विचारायचं, ‘मी कुठे आहे?’ बाहेर बसून शाखा सांभाळणाऱ्या माणसाला शाखापाल म्हणत. त्याने ‘शाखा एक’ किंवा ‘मुख्य’ असं उत्तर द्यायचं. निरोपाखेरीज एवढीच एक देवाणघेवाण त्या भिंतींतून होई. विचारल्याशिवाय मात्र सांगायचं नाही. हा दुसरा नियम दयेपोटी केलेला होता. तू थोड्या वेळाने मिटणार आहेस, हे कोणाला आपणहून का सांगा?

त्या दिवशी शाखेत शैलजाबाईंचा रक्तस्राव सुरू झाला असावा आणि त्या धावपळीत निरोप पाठवायचं बटण कोणीच दाबलं नाही. शाखा मुदत संपून मिटली. मुख्य सुरू झाली तेव्हा स्पीकर गप्प होता. स्पीकर गप्प म्हणजे आपण शाखेत, अशी डॉक्टरांची सवय होती. त्यांनी विचारलं नाही. शाखापाल वंदना रामटेके बाहेर प्रश्नाची वाट पाहत बसल्या. आतल्या रेकॉर्डिंगमध्ये डॉक्टरांचा आवाज स्वच्छ होता: ‘बघू तर, इकडून गेलं तर काय होतं.’

मग दार उघडलं आणि डॉक्टर अजून तिथेच होते. आपण मुख्यमध्ये होतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

चौकशी समितीने या चुकीला ‘शाखाभ्रम’ असं नाव दिलं. का विचारलं नाहीत, या प्रश्नावर डॉक्टर खाली मान घालून ‘विसरलो’ म्हणाले. त्यांना काही महिने शाखागारात जायला मनाई झाली. त्यानंतर ते पुन्हा तिथेच काम करणार होते.

ऋता तेव्हा रडली नाही की भांडली नाही. समितीपुढे ती हलक्या आवाजात, नीट वाक्यांत बोलली. ‘माझ्या आईचा मृत्यू झाला’ असंच ती प्रत्येक वेळी म्हणाली. घरी आल्यावर तिने शाखागारांचा कायदा वाचला, त्याचे नियम वाचले, मग जुन्या ऑपरेशनांची रेकॉर्डिंगं मागवून ऐकली. गेल्या कित्येक वर्षांत चिटणवीसांनी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. विसरणारा माणूस कधीतरी चुकून आठवणही ठेवतो. हा माणूस विसरत नव्हता. त्याला उत्तर ऐकायचं नव्हतं. कारण ते उत्तर जेव्हा ‘शाखा एक’ असेल, तेव्हा ते ऐकणारा संध्याकाळी घरी जाणार नसे. मुख्यमधले डॉक्टर दर वेळी घरी जात. शाखांमधले किती चिटणवीस आजवर मिटले, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. त्या भीतीपायी त्याने आईला आपल्या अंदाजावर सोडलं होतं.

मग त्याला त्या भीतीतच बसवायचं, असं ऋताने ठरवलं.

रुग्णालयाने ‘समेट-भेट’ सुचवली तेव्हा ती लगेच हो म्हणाली. समेट-भेट ही शाखागाराची नवी सोय होती. भांडणातल्या दोन माणसांना आत बसवायचं; शाखांमध्ये दोघं मनसोक्त भांडून घेत, एकमेकांच्या कोणत्या शब्दाने आग लागते ते निरोपातून कळे, आणि मुख्यमधली भेट गोडीत पार पडे. भावाभावांच्या वाटण्या अशा होत. लग्नाची बोलणीसुद्धा होऊ लागली होती. भेटीत कोणी ‘मी कुठे आहे’ विचारत नसे, कारण तसं विचारता येतं हेच लोकांना ठाऊक नव्हतं. पण कायद्यात तो हक्क आत बसलेल्या प्रत्येकाला होता. ऋताने तो भाग दोनदा वाचला होता.

तिने चार शाखा मागितल्या, परवानगी असते तेवढ्या सगळ्या. चार शाखांत चार चिटणवीस आपण मिटणार असल्याचं ऐकतील. चारही शाखांतून ती एकच निरोप पाठवेल: तो घाबरला. कसा घाबरला, तेही थोडक्यात. मग मुख्यमध्ये दार मिटताच स्पीकर तिच्याच आवाजात चार वेळा बोलेल आणि समोर बसलेल्या माणसाला आपल्या चार मरणांची खबर ऐकावी लागेल. त्यानंतर तो कुठल्याही शाखागारात पाऊल ठेवू शकणार नाही. मनाई संपो की न संपो.

शाखापाल रामटेकेबाईंना काहीतरी संशय आला असावा. दारापाशी ऋताचा हात धरून त्या म्हणाल्या, “ताई, चार शाखा म्हणजे चार तुम्हीसुद्धा बरं का.”

“ठाऊक आहे मला.”

“ठाऊक असणं वेगळं,” रामटेकेबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात सोडला.

ऋताला ते चालणार होतं. आई गेल्यापासून आपल्यापाशी राखावं असं काही उरलेलं नाही, असं तिचं मत झालं होतं, आणि त्या मतात तिला एक प्रकारचं सुख होतं. ज्याला गमवायचं काही नसतं, त्याचा सूड पुरा होतो.

आत दोन खुर्च्या होत्या. मध्ये टेबल, टेबलावर चहाचा थर्मास, दोन कप आणि निरोपाचं हिरवं बटण. डॉक्टर आधीच येऊन बसले होते. त्यांच्या हातात एक कागद होता. माफीचं काहीतरी लिहून आणलेलं असावं. दार मिटलं. कानांत कापूस घातल्यासारखी शांतता झाली. स्पीकरमधून काहीच आलं नाही.

“ऋताताई,” त्यांनी कागद उलगडत सुरुवात केली, “मी आज तुमच्यासमोर...”

“आधी विचारा.”

“काय?”

“तुम्ही कुठे आहात ते.”

 डॉक्टरांची नजर स्पीकरकडे गेली आणि परत आली. स्पीकर गप्प आहे, हे त्यांनाही कळलं होतं. पण आज ती शांतता त्यांना नको होती. इथे तसं विचारत नाहीत, ते म्हणाले. समेट-भेटीत त्याची गरज नसते. शांततेवरून काही ठरत नाही, हे तर तुमच्यामुळेच सिद्ध झालंय, ऋता म्हणाली. तुम्ही विचारणार नसाल तर मी विचारते, कायदा मला तेवढी मुभा देतो. त्यांनी हात पुढे केला, जणू तिचं तोंडच धरणार होते, आणि मग तो टेबलावर ठेवला.

“मी कुठे आहे?” ऋताने मोठ्याने विचारलं.

 मग रामटेकेबाईंचा आवाज आला, सरळ, वर-खाली न होणारा.

“शाखा तीन.”

डॉक्टर हसले. ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर राहिलं आणि खालून चेहरा बदलत गेला. त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. दाराकडे पाहिलं. दार आतून उघडत नसे, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तरी ते उठून गेले आणि त्यांनी दाराला हात लावून पाहिला. परत येऊन बसले तेव्हा त्यांची बोटं थरथरत होती. मेंदूतल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांवर चालणारी ती बोटं. ऋता एकेक बोट पाहत होती. तिला बरं वाटत होतं. हे मान्य करायला तिला लाज वाटली नाही. चौकशीनंतर पहिल्यांदाच तिच्या छातीवरचा दगड हलला होता, आणि तो या माणसाच्या छातीवर जाऊन बसलेला तिला दिसत होता.

“आज मुलगी येणार आहे माझी,” डॉक्टर म्हणाले. “बंगळूरहून. स्टेशनवर जायचंय मला.”

“जाल की. मुख्यमधले तुम्ही जाल.”

“मी नाही ना जाणार.”

“तुम्हीच म्हणाला होतात. शाखेतली ती नसतेच.”

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. मग जे चौकशीत कधी आलं नव्हतं, ते सगळं त्यांनी सांगितलं. आपण विसरलो नव्हतो. शाखागारात नवे असताना ते रोज विचारत. एकदा ‘शाखा दोन’ असं उत्तर आल्यावर त्यांच्या हाताखालच्या भूलतज्ज्ञ बाई ऑपरेशन संपेपर्यंत मुकाट रडत होत्या, असा निरोप त्या शाखेतून मुख्यमध्ये आला. मुख्यमध्ये त्या बाई शेजारीच उभ्या होत्या, हसत होत्या आणि निरोप ऐकून गप्प झाल्या. त्यानंतर डॉक्टरांनी विचारणं बंद केलं. न विचारता काम केलं की, स्पीकर गप्प असला तरी, आपण मुख्य असूही शकतो, असं वाटतं. तेवढ्यावर माणूस उभा राहतो.

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशी मला वाटलं, शाखाच आहे. इथलं काही मोजलं जात नाही.” त्यांनी कागद टेबलावर ठेवला. “शाखेतही त्या तशाच गेल्या असणार. माझ्याच हातून. ते कोणी लिहूनसुद्धा ठेवलं नाही.”

ऋताने बटणाकडे हात नेला. डॉक्टरांनी झटकन आपला तळवा बटणावर ठेवला.

“बसू या ना थोडं,” ते म्हणाले. “निरोप गेला की झालं सगळं. थोडं बसू या.”

त्यांच्या आवाजातली विनवणी ऐकायची म्हणूनच ती इथे आली होती. तिने त्यांना बसू दिलं. मुदत संपत आली की छताजवळचा लाल दिवा लागणार होता. त्यानंतर निरोप न पाठवता शाखा आपोआप मिटली असती आणि तिचा डाव वाया गेला असता. पण दिवा लागायला अवकाश होता. काही करायचं म्हणून तिने थर्मास उघडून एका कपात चहा ओतला. घोट घेतला तर जीभ पोळली.

जीभ पोळली, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की ही जीभ आपली आहे.

मुख्यमधली ऋता हा चहा पिईल, किंवा पिणार नाही. ती संध्याकाळी धरमपेठेत जाईल, कुलूप उघडेल, स्वयंपाकघरातला दिवा लावेल. तिची जीभ पोळलेली नसेल. ती आपल्यासारखीच असेल, पण ती आपण नसू. चार शाखा मागताना आपण आत जाणाऱ्या चार बायकांचा विचार कसा केला होता, हे ऋता आठवू लागली. केलाच नव्हता. चालेल, असं म्हटलं होतं. चौघींपैकी एकीलाही विचारलं नव्हतं. शाखा एक आणि शाखा दोन याच टेबलाशी बसून गेल्या होत्या, इथेच, थोड्या वेळापूर्वी. त्यांनी काय निरोप दिले, ते या शाखेत कळायला मार्ग नव्हता.

“तुम्हाला भीती नाही वाटत?” डॉक्टरांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. एका खाटेवरच्या रुग्णाने शेजारच्याला विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

 ऋताने कप खाली ठेवला तेव्हा टेबलावर चहा सांडला. तिच्या लक्षात आलं की तिचेही हात त्यांच्यासारखेच हलताहेत, आणि तेही ते पाहताहेत.

लाल दिवा लागला.

डॉक्टरांनी बटणावरचा तळवा हळूच उचलला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. “बोला,” ते म्हणाले. “काय सांगायचं ते सांगा तिला. मी घाबरलो, हे खरंच आहे.”

वाक्य तिला पाठ होतं. घरी आरशासमोर तिने ते म्हणून पाहिलं होतं: तो घाबरला. आता त्याला पुढचं जोडायचं: त्याचे हात थरथरले, त्याने दार ढकलून पाहिलं. एका श्वासात बसायचं. समोरचा माणूस तिला अजूनही नको होता, त्याची दया येत नव्हती. त्याची मुलगी स्टेशनवर वाट पाहून एकटीच निघून गेली असती, तरी तिला वाईट वाटलं नसतं. पण आता त्याच्यापलीकडे आणखी कोणी तरी होतं. मुख्यमध्ये, थोपवून धरलेल्या एका क्षणात, पोळलेल्या जिभेशिवाय, आपल्यापाशी राखण्यासारखं काही उरलं नाही अशा सुखात बसलेलं. तिच्यापर्यंत पोचायला एकच श्वास होता.

ऋताने बटण दाबलं. समितीपुढे इतके महिने तिने जे क्रियापद कधी वापरलं नव्हतं, ते तिच्या तोंडात आलं.

“ऋता,” ती म्हणाली, “यांनी आईला मारलं. आणि मला तू मारते आहेस.”